रस्ता कोणाचा, नियम कोणाचा, तक्रार कोणाकडे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोल, आरसी, चलान, भूसंपादन या विषयांवर मी अधूनमधून लिहितो आणि दर वेळी वाचकांचे तेच प्रश्न फिरून येतात. बहुतेकांच्या मुळाशी घोळ एकच असतो. नियम दिल्लीत लिहिला जातो, अंमल मुंबईतून होतो आणि आपण भांडतो नाक्यावरच्या पोराशी. आलेल्या प्रश्नांतले निवडक इथे एकत्र केले आहेत. एक उत्तर दुसऱ्याला जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. केंद्राचं वाहतूक मंत्रालय म्हणजे कोणतं? सगळी वाहतूक त्याच्याकडेच असते ना?

नाही. नुसतं 'वाहतूक मंत्रालय' या नावाचं खातं आज दिल्लीत नाही. आपण ज्याला तसं म्हणतो ते रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय. संसद मार्गावरच्या परिवहन भवनात ते बसतं आणि मे २०१४ पासून नितीन गडकरी त्याचे मंत्री आहेत. रेल्वेचं मंत्रालय वेगळं, विमानांचं वेगळं, बंदरं, जहाजं आणि जलमार्ग यांचं तिसरंच. मेट्रो तर गृहनिर्माण आणि नागरी कामकाज मंत्रालयाच्या पदरात आहे.

रस्ते आणि जहाजं यांचा संसार मात्र बराच काळ एकत्र होता. २००० मध्ये दोघांची ताटं वेगळी झाली, २००४ मध्ये पुन्हा एक झाली आणि २००९ मध्ये परत वेगळी. त्यामुळे एखाद्या जुन्या अधिसूचनेवर जहाज आणि महामार्ग दोन्ही एकाच मंत्रालयाच्या नावात दिसले, तर कागद बनावट आहे असं समजू नका.

२. केंद्र आणि राज्य यांच्यात कामाची वाटणी कशी आहे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ती लिहिलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर झालेले रस्ते संघसूचीत आहेत (नोंद २३). बाकीचे रस्ते आणि पूल राज्यसूचीत (नोंद १३), वाहनांवरचा करही राज्यसूचीत (नोंद ५७). यंत्रावर चालणारी वाहनं मात्र समवर्ती सूचीत आहेत (नोंद ३५), म्हणजे दोघांच्याही हातात.

म्हणूनच मोटार वाहन कायदा, १९८८ हा संसदेचा कायदा आहे. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. पण त्याची पानं चाळली तर 'राज्य सरकार नियम करील' हे शब्द जागोजागी भेटतात. कायदा एक आणि त्याखाली नियमांची दोन पुस्तकं: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आणि महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९.

लक्षात ठेवायची सोपी खूण सांगतो. गाडी कशी असावी, म्हणजे ब्रेक, दिवे, धूर, नंबरप्लेट, हे बहुतांशी केंद्र ठरवतं. ती गाडी कोणत्या परमिटवर आणि किती भाड्याने धावेल, हे बहुतांशी राज्य ठरवतं. 'बहुतांशी' दोनदा लिहिलं, कारण अपवाद पुढे येणारच आहेत.

३. आरटीओ केंद्राचं की राज्याचं? लायसन्सवर तर 'भारत' लिहिलेलं असतं.

आरटीओ राज्याचं. आपल्याकडे परिवहन आयुक्तांच्या हाताखालचा मोटार वाहन विभाग ते चालवतो. तिथला निरीक्षक, लिपिक, चाचणीचा ट्रॅक, सगळं राज्याचं. केंद्राचं काय, तर लायसन्सचा नमुना, फॉर्म, मूळ फी आणि ज्यावर आपण अर्ज भरतो ती 'सारथी' आणि 'वाहन' ही संगणकप्रणाली. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असं खिडकीवर ऐकलंत तर त्यात दोघांचाही वाटा असू शकतो.

लायसन्स देशभर चालतं ते कायदा केंद्राचा असल्यामुळे. पण ते वेळेत मिळालं नाही, चाचणीला तारीख मिळत नाही, एजंटाशिवाय कोणी दाद देत नाही, या तक्रारी परिवहन आयुक्तांकडे करायच्या. दिल्लीला पत्र पाठवलंत तर ते फिरून इकडेच येतं.

४. समोरचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे की राज्याचा, हे रस्त्यावर उभं राहून कसं कळेल?

किलोमीटरच्या दगडाकडे बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. नारिंगी माथ्याचा दगड ग्राम सडक योजनेतल्या रस्त्यावर दिसतो.

दोन मोठ्या दगडांच्या मध्ये दर दोनशे मीटरवर गुडघ्याएवढे छोटे दगड असतात. त्यांच्यावर फक्त २, ४, ६, ८ असे आकडे असतात. लोक ते वाचतच नाहीत, पण तक्रारीच्या वेळी तेच कामाला येतात. मागच्या मोठ्या दगडावर ४३ आणि छोट्यावर ६ असेल, तर तुमची जागा 'किमी ४३/६००'. अभियंत्याच्या भाषेत पत्ता असाच लिहितात. रुंदीकरणात दगड गाडले गेले असतील तर दुभाजकावरच्या हिरव्या पाट्यांवर किलोमीटर सापडतो.

महामार्गाचा आकडाही थोडं बोलतो. २०१० मध्ये सगळे क्रमांक नव्याने दिले गेले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. आपला जुना १७ नंबर आता ६६ झाला आणि पुणे-बंगळूरूचा ४ नंबर ४८. कोकणात अजून 'सतरा नंबर' म्हणणारे भेटतात. त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत मी पडत नाही, तक्रारीच्या कागदावर मात्र नवा नंबर लिहा.

५. राष्ट्रीय महामार्गावर खड्डे पडलेत. तक्रार कोणाकडे करायची?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर एका ओळीत देता येत नाही. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ नुसार मालकी केंद्राची. पण मंत्रालय स्वतः डांबर टाकत नाही, ते काम वाटून देतं. काही महामार्ग भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतात. हे प्राधिकरण १९८८ च्या कायद्याने स्थापन झालं आणि प्रत्यक्षात १९९५ पासून कामाला लागलं. काही रस्ते २०१४ मध्ये निघालेल्या एनएचआयडीसीएल या कंपनीकडे आहेत; ती मुख्यतः ईशान्य भारतात आणि सीमाभागात काम करते. आणि बरेच महामार्ग राज्याच्याच सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. त्या खात्यात यासाठी खास 'राष्ट्रीय महामार्ग विभाग' असतो, पैसा केंद्राचा आणि अभियंता राज्याचा.

मुंबई-गोवा महामार्गावर हा सगळा गुंता एकाच रस्त्यावर बघायला मिळतो. पनवेल ते इंदापूर हा साधारण ८४ किलोमीटरचा पट्टा प्राधिकरणाकडे दिला गेला आणि इंदापूरपासून खाली झारापपर्यंतचं काम राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. (इंदापूर म्हणजे माणगावजवळचं, पुणे जिल्ह्यातलं नव्हे. यावरूनही गोंधळ झालेला मी पाहिला आहे.) रस्ता तोच, नंबर तोच, दगडाचा माथाही पिवळाच, पण ८३व्या किलोमीटरच्या आणि ८६व्या किलोमीटरच्या खड्ड्याचे साहेब वेगळे.

करायचं काय? आधी १०३३ ला फोन लावा. ही राष्ट्रीय महामार्गांची हेल्पलाइन आहे, अपघात आणि बंद पडलेल्या गाडीसाठीही तीच. तक्रार क्रमांक लिहून घ्या. दुसऱ्या बाजूने केंद्राच्या लोकतक्रार पोर्टलवर मंत्रालयाच्या नावाने तक्रार टाका आणि त्यात महामार्ग क्रमांक, कोणत्या दिशेची बाजू, किलोमीटर आणि तारखेसह फोटो द्या. माझी स्वतःची एक तक्रार चार महिने तीन कचेऱ्यांमध्ये टोलवली गेली, कारण मी 'नदीच्या पुलानंतर लगेच, उजवीकडे' असं लिहिलं होतं. त्या पट्ट्यात पूल सात. पाचव्यांदा किलोमीटरचा आकडा टाकला तेव्हा निदान 'हा भाग आमच्याकडे येतो' एवढं उत्तर आलं.

राज्य महामार्ग किंवा जिल्हा मार्ग असेल तर केंद्राला गुंतवू नका. तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा, जिल्हा परिषदेचा किंवा महापालिकेचा विषय.

६. गाडी घेताना रोड टॅक्स भरला, मग पुन्हा टोल कशाला?

कारण दोन्ही पैसे वेगवेगळ्या खिशांत जातात. गाडीवरचा एकरकमी कर राज्याचा, आणि तो भरला म्हणून राष्ट्रीय महामार्गावर काही सूट मिळत नाही. टोल हा त्या विशिष्ट रस्त्याच्या वापराबद्दलचा आकार आहे. शिवाय पेट्रोल-डिझेलवर केंद्राचा रस्त्यांसाठीचा उपकर आपण भरतोच. माणूस वैतागतो, आणि वैताग रास्त आहे, पण कायद्याने तिन्ही वसुल्या स्वतंत्र आहेत.

७. दोन टोल नाक्यांमध्ये ६० किलोमीटर अंतर हवं ना? आमच्याकडे तर ४० वरच दुसरा नाका आहे!

नियम आहे, पण अर्धाच फॉरवर्ड होतो. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलसाठीचे नियम २००८ चे. त्यांतला आठवा नियम म्हणतो की एकाच महामार्गावर, एकाच दिशेने ६० किलोमीटरच्या आत दुसरा नाका नसावा. पुढचं वाक्य मात्र मेसेजमधून गळून पडतं: कारणं लेखी नोंदवून त्याहून कमी अंतरावरही नाका उभारता येतो. मोठा पूल, बाह्यवळण किंवा बोगदा यांच्यासाठी लावलेल्या नाक्यालाही सवलत आहे. दोन नाके वेगवेगळ्या क्रमांकाच्या महामार्गांवर असतील तर हा नियम लागूच होत नाही.

म्हणून नाक्यावर हुज्जत घालण्यापेक्षा 'ही लेखी कारणं काय होती?' असा माहिती अधिकाराचा अर्ज करा (कसा, ते प्रश्न १७ मध्ये). हा प्रश्न टोचतो.

आणखी दोन गोष्टी. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीसाठी सवलतीचा मासिक पास असतो. गावातल्या निम्म्या लोकांना तो माहीत नसतो आणि तो आहे असा फलक नाक्यावर शोधावा लागतो. दुसरं म्हणजे 'रस्त्याचा खर्च वसूल झाला की टोल आपोआप बंद होतो' ही समजूत चुकीची आहे.

८. फास्टॅगचा वार्षिक पास काढला, पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर पैसे कापले गेले. फसवणूक झाली का?

नाही, पण पास घेताना हे ठळक सांगितलं जात नाही हे खरं. १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत सुरू झालेला हा पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल तोवर चालतो. तो खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे आणि केंद्राच्या अखत्यारीतल्या राष्ट्रीय महामार्गांवर व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांपुरता आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्ग हे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे, अटल सेतू एमएमआरडीएचा. तिथे पास नाही, नेहमीचा फास्टॅगच. पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे निघालात तर मात्र रस्ता ४८ नंबरचा आहे, तिथे पास चालतो.

९. रस्त्याची चाळण झाली असेल तर टोल नाकारता येतो का?

तुम्ही एकट्याने खिडकीवर नाकारू शकत नाही. खड्डे मोजून टोल माफ करण्याचा अधिकार नाक्यावरच्या कुणालाही नाही. पण न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ५४४ क्रमांकाच्या महामार्गावरच्या पालियेक्करा नाक्यावरची वसुली चार आठवड्यांसाठी थांबवली, कारण काम आणि कोंडी यांमुळे रस्ता वापरण्याजोगा राहिला नव्हता. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण तिथे त्याला दिलासा मिळाला नाही. धडपडणाऱ्या स्थानिक संघटनांनी हा निकाल जवळ ठेवावा.

१०. हेल्मेटचा दंड देशभर एकच असायला हवा. मग गुजरातेत वेगळा आणि महाराष्ट्रात वेगळा का?

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढले आणि बरीचशी कलमं १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. पण कायद्याच्या २००व्या कलमात एक खिडकी आहे. काही गुन्हे कोर्टात न जाता जागेवर तडजोडीने मिटवता येतात आणि त्या तडजोडीची रक्कम राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं. आपण वाहतूक पोलिसाला देतो ती रक्कम बहुतेक वेळा हीच असते. गुजरातने तेव्हा लगेच अनेक रकमा खाली आणल्या. महाराष्ट्राने आधी अंमल रोखून धरला आणि सुधारित रकमा डिसेंबर २०२१ मध्ये लागू केल्या.

उलट दिशेची तरतूदही आहे, ती क्वचितच कोणी सांगतं. कलम २१०अ नुसार राज्य सरकार दंडाला गुणक लावून तो दहापटीपर्यंत वाढवू शकतं.

वाहतूक पोलीस हे राज्याच्या गृहखात्याचे. चलान चुकीचं आलं, फोटोत गाडी दुसऱ्याचीच आहे, अशा तक्रारी राज्याच्या ई-चलान व्यवस्थेत कराव्या लागतात. केंद्रीय मंत्रालय एकही चलान रद्द करत नाही.

११. मोबाइलमधली कागदपत्रं पोलिसाने मान्य केलीच पाहिजेत का?

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपमधली असतील तर हो. ऑगस्ट २०१८ मध्ये मंत्रालयाने राज्यांना तसं कळवलं आणि त्याच वर्षी केंद्रीय नियम १३९ दुरुस्त करून ते नियमात घेतलं. गॅलरीत ठेवलेला आरसीचा फोटो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर भावाने पाठवलेली पीडीएफ मात्र चालत नाही.

१२. बदलीमुळे गाडी दुसऱ्या राज्यात नेली. नंबर बदलावाच लागेल का? आणि बीएच सिरीज कोणाला मिळते?

कलम ४७ नुसार गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी, मग नव्या राज्याचा कर, मग जुन्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज. हा परतावा मिळवणं म्हणजे पेन्शनरांनाच जमेल इतका चिवटपणाचा उद्योग.

यावर उतारा म्हणून १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच सिरीज, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलावा लागणारा 'भारत' मालिकेचा नंबर, आली. ती संरक्षण दलांतले, केंद्र-राज्य सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी यांना मिळते. खासगी नोकरदारांपैकी ज्यांच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत अथवा केंद्रशासित प्रदेशांत आहेत, त्यांनाही मिळते. कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने भरायचा. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना ती नाही, दुकानदाराची बदली होत नाही असं गृहीत धरलेलं दिसतं.

हे नमुनेदार उदाहरण आहे: सिरीज केंद्राची, कर राज्याचा, आणि अर्ज मंजूर करणारं आरटीओही राज्याचं.

१३. गाडीला पंधरा वर्षं झाली. आता ती भंगारातच द्यावी लागेल ना?

महाराष्ट्रात नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि गाडी तपासणीत पास झाली तर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. फी वाढली आहे, पर्यावरण कर लागतो, पण सक्तीचं भंगार नाही. २०२१ चं स्क्रॅपिंग धोरण मुळात ऐच्छिक आहे. तपासणीत नापास झालेली गाडी मात्र रस्त्यावर आणता येत नाही.

गोंधळ दिल्लीमुळे झाला. तिथला डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचा नियम राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या आदेशांतून आला आणि तो राजधानी परिसरापुरता आहे. सरकारी गाड्यांचा अपवाद वेगळा: १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद आहे.

१४. महामार्गात शेत चाललंय, मोबदला कमी वाटतो. मंत्रालयात अर्ज करू का?

मंत्रालयात अर्ज केल्याने आकडा बदलत नाही, आणि तेवढ्यात मुदती निघून जातात. इथे घड्याळच महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर.

राष्ट्रीय महामार्गासाठीचं भूसंपादन १९५६ च्या कायद्याच्या कलम ३अ ते ३जे यांखाली होतं. आधी ३अ ची अधिसूचना निघते, तीत गट नंबर असतात. ती वर्तमानपत्रात छापून येते, बहुधा अशा पानावर जे कोणी वाचत नाही. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत नोंदवायची. हरकत सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे आपल्याकडे बहुधा प्रांतसाहेबांपुढे. त्यानंतर ३डी ची अधिसूचना निघाली की जमीन केंद्राच्या नावे होते. ३अ नंतर एका वर्षात ३डी निघाली नाही तर पहिली अधिसूचना बाद होते. (न्यायालयाच्या स्थगितीचा काळ यातून वगळतात.)

मग येतो ३जी खालचा निवाडा, म्हणजे मोबदल्याचा आकडा. तो मान्य नसेल तर ३जी(५) नुसार केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जायचं. लवाद म्हणजे कुणी खासगी वकील नव्हे, सहसा जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा महसुली अधिकारी असतो. तिथेही समाधान झालं नाही तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालय, पण तीन महिन्यांच्या आत. १ जानेवारी २०१५ पासून मोबदल्याचं गणित २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे होतं, म्हणजे बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम धरून. विहीर, फळझाडं, पाइपलाइन, गोठा यांचं मूल्यांकन वेगळं होतं. मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. झाडांची संख्या तिथेच चुकते आणि नंतर ती दुरुस्त करता करता नाकी नऊ येतात.

पैसे उचलताना 'हरकत राखून स्वीकारले' असं लिहा.

१५. अपघात झाला तर हे मंत्रालय काही मदत करतं का?

थेट नाही, पण त्याने आखलेल्या योजना आहेत. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या माणसावर ठरलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार होतात. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असलाच पाहिजे अशी अट नाही. ठोकर मारून गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये आहेत. हा अर्ज मंत्रालयात नव्हे, प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात चौकशी अधिकाऱ्याकडे द्यायचा.

मदतीला धावणाऱ्याला पोलीस नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत आणि साक्षीदार व्हायलाही भाग पाडू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ आणि २०२० चे नियम तसं स्पष्ट म्हणतात.

मंत्रालय दर वर्षी देशातल्या अपघातांचा अहवालही काढतं. २०२२ च्या अहवालात १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. त्यांतले ३६ टक्के राष्ट्रीय महामार्गांवरचे (द्रुतगती मार्ग धरून), आणि देशातल्या एकूण रस्त्यांत हे महामार्ग जेमतेम दोन टक्के. तुमच्या भागात एखाद्या वळणावर सतत अपघात होत असतील तर 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या पाठ करून ठेवा: महामार्गाचा ५०० मीटरचा तुकडा, तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. पोलीस ठाण्यातल्या नोंदींवरून हे सिद्ध करता आलं की पत्राला वजन येतं. किलोमीटरचा आकडा लिहायला विसरू नका (प्रश्न ४).

१६. हे याच मंत्रालयाचं का? एसटी, रिक्षाभाडं, गाडीतला दोष, ई-गाडीची सबसिडी, रेल्वे अपघात...

एकेक ओळ. एसटी राज्याची, १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखालची. रिक्षा-टॅक्सीचं भाडं राज्याचं. गाडीत उत्पादनदोष असेल तर गाड्या परत बोलावण्याचा आदेश द्यायचा अधिकार कलम ११०अ ने केंद्राला, म्हणजे याच मंत्रालयाला. ई-गाड्यांचं अनुदान अवजड उद्योग मंत्रालयाचं. पुण्याची एआरएआय गाड्यांची चाचणी या मंत्रालयाच्या नियमांनुसार करते, पण ती संस्थाही अवजड उद्योग खात्याशी संलग्न.

सगळ्यांत गमतीचा शेवटचा. रेल्वे अपघाताची वैधानिक चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वेकडे नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. गाड्या चालवणाऱ्यानेच स्वतःची चौकशी करू नये म्हणून १९४१ मध्ये ही यंत्रणा रेल्वे बोर्डापासून तोडली, ती आजतागायत. मेट्रोची नवी मार्गिका प्रवाशांसाठी खुली करायची परवानगीही याच आयोगाचे आयुक्त देतात.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सगळे परिवहन मंत्र्यांना बोल लावत होते. वादाचं कलम होतं भारतीय न्याय संहितेतलं १०६(२), ठोकर मारून पळून जाणाऱ्या चालकाला कडक शिक्षा सांगणारं, आणि ती संहिता गृह मंत्रालयाची. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवलं गेलं.

१७. मंत्र्यांना टॅग करून काही होतं का? नाहीतर उत्तर मिळवायचं कसं?

कधी कधी होतं, पण त्याला आवक क्रमांक नसतो. पंधरा दिवसांनी तुमच्या हातात काय उरतं, तर स्क्रीनशॉट.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे, त्यामुळे रस्ता प्राधिकरणाचा की बांधकाम खात्याचा हे माहीत नसलं तरी अडत नाही. किंबहुना अर्ज कुठे पाठवला गेला यावरूनच रस्ता कोणाचा ते कळतं. 'रस्ता खराब का आहे?' असं विचारू नका. याला उत्तर देण्याचं बंधन नाही. कागद मागा: अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंतचा देखभालीचा करार, दोषदायित्वाची मुदत कधी संपते ती तारीख, गेल्या वर्षभरातले पाहणी अहवाल, ठेकेदाराला लावलेला दंड. दोषदायित्वाची मुदत चालू असेल तर खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो.

आणि खासदारांना वापरा. लोकसभेत किंवा राज्यसभेत प्रश्न लागला की मंत्रालयाला ठरलेल्या दिवशी लेखी उत्तर सभागृहापुढे ठेवावं लागतं. मी दिलेल्या कागदावर खासदारांच्या स्वीय सहायकाने पहिला प्रश्न हाच केला होता: 'किलोमीटर किती?'